बिल्ला, पट्टा आणि एप्रन: जुन्या फोटोंतला माणूस ओळखताना

जुना फोटो हाती आला की घरात पहिली चर्चा नाकावरून सुरू होते. नाक आजीच्या माहेरचं, कपाळ मात्र थेट मोठ्या काकांचं! यातून करमणूक होते, पण फोटोतला माणूस कोण हे काही कळत नाही. म्हणून नजर जरा खाली आणा. कोटाच्या कॉलरला टाचणीएवढं काही लावलंय का? गळ्यात रुंद, कलाबुतीचा पट्टा आहे का? उंची कोट घातलेल्या गृहस्थाने कमरेला पांढरा एप्रन बांधलाय का? तसं असेल तर तो एखाद्या बंधुसंघाचा सभासद असण्याची दाट शक्यता आहे, आणि त्याचं नाव शोधायचा धागाही तिथेच लटकतोय.

बंधुसंघ म्हणजे फ्रीमेसन, ऑड फेलोज, नाइट्स ऑफ पिथियस यांच्यासारख्या संस्था. त्या ब्रिटन-अमेरिकेत वाढल्या, आणि त्यांच्या भरभराटीचा काळ तोच फोटो-स्टुडिओंच्या भरभराटीचा. मराठी घरात हे फोटो दोन वाटांनी येतात. मुलगी किंवा मुलगा परदेशी स्थायिक होतो आणि व्याह्यांच्या अल्बममध्ये तलवार धरलेले कुणी खापरपणजोबा भेटतात. नाहीतर मुंबईतल्या चोरबाजारात, जुन्या फ्रेमांच्या ढिगात, पगडीवाला एप्रनधारी हाती लागतो. या दुसऱ्या वाटेकडे नंतर येऊ.

आधी एक गैरसमज काढून टाकू. या मंडळींना ‘गुप्त संस्था’ म्हणतात, म्हणून अशा फोटोत काही रहस्य दडलंय असं लोकांना वाटतं. गुप्त असायचे ते लॉजच्या, म्हणजे संघाच्या स्थानिक शाखेच्या, बंद दाराआडचे विधी आणि खुणेचे शब्द. सभासद असणं ही मिरवायचीच गोष्ट होती. त्यासाठी माणूस ठेवणीतला पट्टा पेटीतून काढून, पैसे मोजून, स्टुडिओत जाऊन ताठ बसायचा. सरकारी विमा, पेन्शन यांचा पत्ता नसलेल्या काळात आजारपणात आठवड्याला चार पैसे, मेल्यावर अंत्यविधीचा खर्च आणि मागे विधवेला आधार हे बऱ्याच संघांमध्ये वर्गणीच्या बदल्यात मिळे. एन्शंट ऑर्डर ऑफ युनायटेड वर्कमेन हा १८६८मध्ये पेनसिल्व्हेनियात निघालेला संघ तर मुख्यतः सभासदांच्या घरच्यांना मृत्यूनंतर ठरावीक रक्कम देण्यासाठी नावाजला. तेव्हा ‘मी या लॉजचा सभासद आहे’ याचा अर्थ ‘माझी पत आहे, वर्तन तपासून मला घेतलंय आणि माझं घर उघड्यावर पडणार नाही’ असा होता. बायकोमुलांसह काढलेल्या फोटोतही बाप बिल्ला लावून बसतो तो यामुळे. अमेरिकेतल्या ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’ या नियतकालिकाने १८९७मध्ये अंदाज छापला होता, की देशातल्या सुमारे १ कोटी ९० लाख प्रौढ पुरुषांमागे अशा संघांची सभासदसंख्या ५० लाखांच्या वर आहे. एकच माणूस तीन-तीन संघांत असे हे धरूनही आकडा थोडाथोडका नाही.

आता कामाला लागू. बिल्ला वाचण्याआधी फोटो कशावर आहे ते बघा, कारण त्यावरून साधारण काळ कळतोच, शिवाय बिल्ला सुलट दिसतोय की उलट हेही ठरतं.

आरशासारखा चमकणारा, हातात तिरका धरला की कधी सुलटा तर कधी निगेटिव्हसारखा दिसणारा पत्रा म्हणजे डॅगेरोटाइप. ही पद्धत १८३९मध्ये पॅरिसला जाहीर झाली आणि पुढची वीसेक वर्षं चालली. काचेवरचा, डबीत बसवलेला फोटो अँब्रोटाइप, म्हणजे १८५०चं दशक आणि त्याच्या आसपासचा काळ. काळ्या रोगणाच्या लोखंडी पत्र्यावरचा तो टिनटाइप. नावात टिन असलं तरी त्यात कथील नसतं, लोखंड असतं, म्हणून डबीला बाहेरून लहानसं लोहचुंबक हलकेच लावून पाहिलं की शंका फिटते. टिनटाइपचं पेटंट १८५६चं, पण स्वस्त असल्यामुळे जत्रेत, समुद्रकाठी तो विसाव्या शतकातही निघत राहिला. त्यामुळे नुसत्या पत्र्यावरून साल ठरवू नका.

डॅगेरोटाइप आणि टिनटाइप यांत निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यात गेलेला पत्राच फोटो होऊन बाहेर येतो, म्हणून चित्र आरशातल्यासारखं उजवं-डावं उलटं असतं. काही फोटोवाले भिंगापुढे लोलक किंवा आरसा लावून ते सुलटं करत, पण तो अपवाद. कोटाची बटणं पुरुषाच्या डाव्या अंगाला आलेली दिसतील, लग्नाची अंगठी भलत्या हातात दिसेल, आणि पट्ट्यावरची अक्षरं उलटी असतील. लोक ती अक्षरं ‘कुठल्यातरी सांकेतिक लिपीतली’ समजून इंटरनेटवर शोधत बसतात. फोटो मोबाइलवर घ्या, उलटवा, आणि वाचा. मूळ प्रत मात्र आहे तशीच वेगळी ठेवा. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले कागदी फोटो निगेटिव्हवरून छापलेले असल्याने सुलटेच असतात. आपल्याकडच्या अल्बममध्ये जास्त करून तेच सापडतात.

या पुठ्ठ्याच्या फोटोंत दोन मापं सतत भेटतात. अडीच बाय चार इंचांचं छोटं कार्ड म्हणजे कार्ट द व्हिझिट. दिस्देरी या फ्रेंच फोटोग्राफरने १८५४मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि १८६०च्या सुमारास त्याची साथच आली. सव्वाचार बाय साडेसहा इंचांचं मोठं ते कॅबिनेट कार्ड, १८६६नंतरचं. अमेरिकन कार्ड उलटं करून मागे छोटं महसुली तिकीट चिकटवलंय का पाहा. यादवी युद्धाचा खर्च भागवायला सरकारने १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ एवढ्याच काळात फोटोंवर कर लावला होता. तिकीट असेल तर सालाचा प्रश्न दोन वर्षांच्या आत आला. पुष्कळदा फोटोवाल्याने तिकिटावर शाईने तारीखही खरडलेली असते.

रंगाची गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी लागते, कारण इथे जाणकारही फसतात. त्या काळी ज्या काचांवर फोटो घेत त्या निळ्या प्रकाशाला फार हळव्या होत्या आणि लाल-पिवळ्याला जवळजवळ आंधळ्या. म्हणजे फोटोत फिका निळा पांढरा पडतो, लाल काळा होतो आणि सोनेरी मातकट दिसतो. फ्रीमेसन एप्रनची फिकी निळी कड पांढऱ्या कातड्यात विरघळून जाते आणि एप्रन कोराच वाटतो. ऑड फेलोजचा लालभडक पट्टा काळा दिसतो आणि घरात गोष्ट तयार होते, की पणजोबा तेव्हा सुतकात होते. म्हणून रंगावरून काही ठरवू नका, आकारावरून ठरवा. हल्ली जुने फोटो रंगवून देणारी ॲप आली आहेत. तीही काळा पट्टा काळाच ठेवतात आणि वर चेहऱ्याला असा गुलाबी रंग देतात की चूक खरी वाटायला लागते. ओळख पटवण्यासाठी त्यांचा उपयोग शून्य.

आता खुणा. गुण्या आणि कंपास एकमेकांत अडकवलेले, मधे कधी ‘जी’ हे अक्षर, ही फ्रीमेसनांची खूण. लंडनमध्ये १७१७ साली त्यांची पहिली ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांवरची मध्यवर्ती संस्था, स्थापन झाली. साखळीच्या तीन कड्या ऑड फेलोजच्या. कड्यांत एफ, एल, टी ही अक्षरं असतात, म्हणजे मैत्री, प्रेम, सत्य. त्यांची अमेरिकेतली शाखा बाल्टिमोरमध्ये १८१९ साली निघाली. एफ, सी, बी दिसलं तर नाइट्स ऑफ पिथियस, स्थापना वॉशिंग्टनमध्ये १८६४, त्यामुळे तो फोटो त्याआधीचा असूच शकत नाही. कुऱ्हाड, मोगरी आणि पाचर एकत्र असली तर मॉडर्न वुडमेन, १८८३नंतरचे. हे लाकूडतोडे नव्हते. त्यांत शेतकरी, दुकानदार असे सगळे होते.

फ्रीमेसनांच्या बाबतीत आणखी खोलात जाता येतं, कारण त्यांच्यात हुद्दा अंगावर लिहिलेला असतो. इंग्लिश पद्धतीत नवशिक्याचा एप्रन कोरा, दुसऱ्या पायरीला खाली दोन फुलं, तिसरीला तीन. लॉजचा प्रमुख झाला की फुलांच्या जागी उलट्या ‘टी’सारखे धातूचे तुकडे येतात. गळ्यातल्या पट्ट्याला नुसता गुण्या लटकत असेल तर तो विद्यमान प्रमुख. गवंड्याची पातळी असेल तर सीनियर वॉर्डन, ओळंबा असेल तर ज्युनियर. आडव्या-तिडव्या लेखण्या चिटणिसाच्या. माजी प्रमुखाच्या पदकात इंग्लंडमध्ये गुण्याखाली पायथॅगोरसच्या सिद्धांताची आकृती लटकते. भिंग घेऊन बसा आणि आधी हा लटकणारा तुकडा शोधा. लॉजचा प्रमुख बहुतेक ठिकाणी वर्षावर्षाने बदलतो आणि त्यांच्या याद्या लॉजने जपलेल्या असतात. गाव आणि साधारण दशक माहीत असेल तर हजारो सभासदांऐवजी दहा-बारा नावांतच शोध संपतो.

घरच्या अभिमानाने सगळ्यात जास्त घोटाळा केलाय तो तलवारीच्या आणि पदकाच्या फोटोंत. पिसांचा टोप, छातीवर क्रॉस, हातात लांब तलवार असा माणूस दिसला की नातवंडं ‘आमचे पणजोबा जनरल होते’ असं सांगत येतात. बहुतेकदा ते फ्रीमेसनांतल्याच नाइट्स टेम्पलर या वरच्या वर्गाचे सभासद असतात आणि पेशाने धान्याचे व्यापारी. ही तलवार ओहायोतल्या कोलंबसच्या एम. सी. लिली आणि कंपनीसारख्या कारखान्यांतून टपालाने मागवता येई. दुसरा घोटाळा पदकाचा. झेंड्याच्या पट्ट्यांच्या फितीला लटकणारा पंचकोनी तारा, वर गरुड, हे ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक या संघाचं चिन्ह. यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेल्यांनी हा संघ १८६६मध्ये इलिनॉयमध्ये काढला आणि १८९०मध्ये त्याचे ४ लाखांवर सभासद होते. हे चिन्ह अमेरिकी लष्कराच्या सर्वोच्च शौर्यपदकासारखं, मेडल ऑफ ऑनरसारखं, इतकं दिसे की शेवटी १९०४मध्ये लष्कराने आपल्या पदकाचा आराखडाच बदलला. तेव्हा असा तारा दिसला तर पणजोबा युद्धात लढले होते एवढं बिनदिक्कत म्हणा. शौर्यपदक मिळालेल्यांची नावं सरकारी यादीत आहेत, तिथे खात्री केल्याशिवाय पुढचं बोलू नका.

छातीवर उभी रेशमी फीत लटकवलेली असेल तर थांबा आणि तिच्याकडे सावकाश बघा. १८८०नंतर अशा फितींची चलती होती. वर धातूची पट्टी, मधे रंगीत फीत, तिच्यावर लॉजचं नाव, क्रमांक आणि गाव, खाली सोनेरी झालर. ही फीत दुहेरी असे. मिरवणुकीला, सभेला रंगीत बाजू पुढे. सभासद वारला की पट्टीवरून काढून उलटवायची, मागची बाजू काळी, तिच्यावर चंदेरी अक्षरांत ‘स्मरणार्थ’ या अर्थाचे दोन लॅटिन शब्द, आणि लॉजचं नाव तेच. फितीवर चंदेरी अक्षरं आणि भोवती गडद काळा दिसला तर हा फोटो बहुधा कुणाच्या तरी अंत्ययात्रेच्या दिवशी काढलेला असावा. दहा-पंधरा पुरुष एका रांगेत, सगळ्यांच्या फिती काळ्या, तर ती लॉज आपल्या बांधवाला पोहोचवायला निघाली होती. त्या गावच्या वर्तमानपत्रात त्या सुमाराची मृत्यूची बातमी शोधली की फोटोची नेमकी तारीख मिळायची आशा असते. आणि मघाशी सांगितलेला रंगाचा नियम इथेही लागू आहे. अक्षरं वाचल्याशिवाय नुसत्या काळ्या फितीवर सुतक लादू नका.

बायकांच्या गळ्याशी बिल्ला दिसला तर दोन शक्यता. ऑड फेलोजनी १८५१मध्ये रिबेका नावाची स्त्रियांसाठीची पायरी सुरू केली, आणि फ्रीमेसनांच्या घरच्या बायकांसाठी ईस्टर्न स्टार ही संस्था आली, तिची खूण पाच टोकांचा तारा. पण खूण नेमकी पुरुषांच्या संघाची असेल, गुण्या-कंपासाची, तर ती नवऱ्याची किंवा वडिलांची टाचणी असू शकते. काळा पोशाख, हातात किंवा मांडीवर फ्रेममधला पुरुषाचा फोटो आणि गळ्याशी ती टाचणी, असं तिन्ही एकत्र आलं तर फ्रेममधला माणूसच बहुधा सभासद. अशा वेळी भिंग त्या आतल्या फोटोवर धरा.

कृष्णवर्णीय कुटुंबांच्या अल्बममधले हे फोटो मला सगळ्यात जास्त बोलके वाटतात. बॉस्टनमध्ये १७७५ साली प्रिन्स हॉल आणि आणखी चौदा जण फ्रीमेसन झाले. गोऱ्यांच्या लॉजचे दरवाजे बंद असल्याने त्यांनी इंग्लंडहून सनद मिळवली आणि आपली वेगळी परंपरा उभी केली. ऑड फेलोजबाबतही तेच झालं. पीटर ओग्डेन याने १८४३मध्ये इंग्लंडमधूनच अधिकार आणला. अशा घरातला फोटो असेल तर गोऱ्यांच्या ग्रँड लॉजकडे पत्रं पाठवून वेळ दवडू नका. दप्तर प्रिन्स हॉल ग्रँड लॉजकडे किंवा राज्याच्या अभिलेखागारात असेल.

आता आपल्याकडचा पगडीवाला. मुंबईत लॉज रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया ही हिंदी लोकांना घेणारी लॉज डॉ. जेम्स बर्न्स यांनी १८४३मध्ये काढली. त्यामागे माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांची खटपट होती. मुंबईत दार बंद म्हणून ते आधी पॅरिसमध्ये जाऊन मेसन झाले होते. सुरुवातीला पारशी आणि मुसलमान आले. हिंदूंचा प्रश्न अनेक देवांच्या मुद्द्यावर अडला होता, तो १८७२मध्ये कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांना प्रवेश मिळाल्यावर सुटला. मुंबईच्या फोटोंत पांढऱ्या डगल्यावर एप्रन बांधलेले पारशी शेठ जास्त दिसतात ते यामुळे. पुढे ब्राह्मणी पगड्याही दिसू लागतात. रस्त्यावरची माणसं मात्र लॉजच्या इमारतीला ‘भूतबंगला’ किंवा ‘जादूघर’ म्हणत वळसा घालून जात. म्हणूनच घरात असा फोटो असूनही त्याबद्दल कुणी बोललं नाही, असं पुष्कळ घरांत घडलं असणार. बोलायला आता हरकत नाही.

मुंबईच्या फोटोबाबत शोध कुठे घ्यायचा हे एका खुणेवर अवलंबून आहे. इथे इंग्लंडच्या आणि स्कॉटलंडच्या अशा दोन्ही ग्रँड लॉजच्या शाखा होत्या. रायझिंग स्टार स्कॉटलंडची. लॉजच्या नावापुढे ‘ई.सी.’ असेल तर दप्तर लंडनला, ‘एस.सी.’ असेल तर एडिंबराला. नाव दिसत नसेल तर एप्रनची वरची झडप बघा. इंग्लिश एप्रनची त्रिकोणी असते, स्कॉटिश बहुधा अर्धगोल. इंग्लंडच्या सभासद-नोंदवह्या १७५१ ते १९२१ या काळातल्या, हिंदुस्थानातल्या लॉजसकट, वंशावळीच्या व्यापारी संकेतस्थळांवर आल्या आहेत. त्यांत नाव, वय, धंदा, राहायचं ठिकाण, प्रवेशाची तारीख असे रकाने आहेत. नावांचं स्पेलिंग इंग्रज कारकुनाच्या कानावर सोडलेलं असल्यामुळे आडनावाने सापडलं नाही तर लॉजच्या नावाने शोधा आणि पानं एकेक करून वाचा. इंग्लिश लॉज कधी निघाली, कधी बंद झाली, कुठल्या क्रमांकाची होती हे जॉन लेन यांच्या यादीत फुकट पाहायला मिळतं. १९६१मध्ये भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज झाली, पण काही लॉज जुन्या छत्राखालीच राहिल्या. त्यामुळे दिल्लीहून नकार आला म्हणून शोध थांबवू नका. अमेरिकेत गावची लॉज बंद पडली असेल तर त्या राज्याच्या ग्रँड लॉजला लिहा. पत्रासोबत फोटोची पुढची आणि मागची, दोन्ही बाजूंची प्रत जोडा. स्टुडिओचा पत्ता मागेच छापलेला असतो आणि अनेकजण नेमका तोच पाठवायचा विसरतात.

सांभाळण्याबाबत कडकपणाने सांगतो. डॅगेरोटाइपच्या पत्र्यावरून कापूस, बोट, चष्म्याचं फडकं काहीही फिरवू नका. चित्र पृष्ठभागावर इतकं हलकं बसलेलं असतं की पुसताक्षणी जातं, आणि परत येत नाही. डबी बंद असेल तर बंदच ठेवा, आतली काच धुवायची असली तरी ते काम संवर्धकाचं. टिनटाइपला वाकवू नका, रोगण तडकलं की खाली गंज धरतो. चिकट पानांचे, वर प्लास्टिकचा पापुद्रा असलेले अल्बम एकेकाळी घरोघरी होते. त्यांतून कागदी फोटो सोडवायची घाई करू नका, आधी आहे त्या पानावरच प्रत काढून घ्या. लॅमिनेशन कधीच नाही. कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्यात बुरशी येते, तेव्हा बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट आणि माळ्यावरची पत्र्याची ट्रंक टाळा. आम्लविरहित कागदाच्या पाकिटात प्रत्येक फोटो वेगळा, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या पुड्या वेळोवेळी बदललेल्या. डांबराच्या गोळ्या डब्यात टाकू नका.

स्कॅन किमान ६०० डीपीआयवर करा, आणि बिल्ल्याच्या भागाचं वेगळं, १२०० किंवा जास्तीवर. डॅगेरोटाइप स्कॅनरखाली घालू नका. काळं कापड समोर धरून, दिवा एका बाजूने ठेवून कॅमेऱ्याने घ्या म्हणजे आरशात तुमचंच तोंड येणार नाही. कागदी फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, दाब न देता. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. फितीवर वाचलेलं नाव एका ओळीत लिहा, मावशीने सांगितलेलं दुसऱ्या ओळीत, आणि दुसऱ्या ओळीपुढे मावशीचं नाव व तारीख घाला.